बाकीच्यांचे काय झाले?

गेल्या रविवारी दुपारची जेवणे आटोपली आणि आमच्या घरात नेहमीचा वाद सुरू झाला. टीव्हीवर काय लावायचे? वहिनीला मालिकेचे राहिलेले भाग पाहायचे होते, दादाला क्रिकेट. शेवटी बाबांनी रिमोट ताब्यात घेतला आणि जाहीर केले, "आज मी सांगेन तो सिनेमा. कॉलेजात असताना सकाळच्या खेळाला दोनदा पाहिलाय."

सिनेमा होता १९६३ चा 'द ग्रेट एस्केप'. लांबी जवळजवळ तीन तास. अर्ध्या तासात निम्मे घर झोपेल अशी माझी खात्री होती. पण झाले उलटेच. मालिका आणि क्रिकेट दोन्ही विसरून सगळे पडद्याकडे बघत बसले. चौथीत शिकणारी माझी भाची तर बाबांच्या मांडीला टेकून बसली ती उठलीच नाही. मध्येच म्हणाली, "आजोबा, हे तर महाराजांच्या आग्र्याहून सुटकेसारखंच आहे!" बाबा खूश झाले. "अगदी बरोबर! पेटारे नाहीत, बोगदा आहे, एवढाच फरक."

चित्रपट संपला तेव्हा मात्र ती गप्प होती. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून तिने विचारले, "आत्या, पळाले शहात्तर आणि सुटले तिघंच? मग बाकीच्यांचं काय झालं? आणि पकडलेल्यांना मारलं कशाला? लपंडावात सापडलं तर राज्य येतं. मारत नाहीत."

आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणालाच पटकन उत्तर देता आले नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच या वेळचा स्तंभ लिहून झाला.

पडद्यावरची गोष्ट

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. पुन्हा पुन्हा पळून जाणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना जर्मन एका नव्या, कडेकोट छावणीत आणून ठेवतात. सगळी नासकी अंडी एकाच टोपलीत ठेवली की लक्ष ठेवायला सोपे, असा त्यांचा हिशेब. पण पळण्यात मुरलेली इतकी डोकी एकत्र आली की काय होणार? एक-दोघांनी नव्हे, तर एकदम अडीचशे जणांनी पळायचे, अशी योजना आखली जाते.

या योजनेचा सूत्रधार रॉजर बार्टलेट. ही भूमिका केली आहे रिचर्ड ॲटनबरो यांनी. होय, ज्यांनी पुढे १९८२ मध्ये 'गांधी' दिग्दर्शित केला तेच. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तला जनरल औट्रमही त्यांनीच साकारला होता. मोटरसायकलवरून तारेचे कुंपण ओलांडू पाहणारा बेदरकार हिल्ट्स म्हणजे स्टीव्ह मॅक्वीन. बोगदे खणण्यात पटाईत, पण बंद जागेच्या भीतीने घुसमटणारा डॅनी म्हणजे चार्ल्स ब्रॉन्सन. हा नट तरुणपणी खरोखरच कोळशाच्या खाणीत राबला होता. बनावट कागदपत्रे करता करता दृष्टी गमावणारा शांत, चहाप्रेमी ब्लाइथ रंगवला आहे डोनाल्ड प्लेझन्स यांनी. ते स्वतः युद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. १९४४ मध्ये त्यांचे विमान पडले आणि ते जर्मनांच्या कैदेत राहिले. त्यांच्या अभिनयात एवढा साधेपणा कुठून आला, हे त्यावरून समजते.

दिग्दर्शक जॉन स्टर्जेस यांनी पहिले दोन तास जवळजवळ कारखान्याच्या गोष्टीसारखे रंगवले आहेत. कोण माती उपसतो, कोण कपडे शिवतो, कोण पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवतो. एल्मर बर्नस्टाइन यांची शीळ घालावीशी वाटणारी धून मागे वाजत असते आणि आपल्याला वाटते, ही तर मोठ्या मुलांनी शाळेत केलेली खोडी. म्हणूनच शेवटचा तास अंगावर येतो.

खरी छावणी, खरे हात

ही गोष्ट खरी आहे. पॉल ब्रिकहिल या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९५० मध्ये लिहिलेल्या पुस्तकावर चित्रपट आधारलेला आहे. ब्रिकहिल स्वतः त्याच छावणीत कैदी होता. त्याने या कामात भाग घेतला. पण बंद जागेची भीती असल्याने बोगद्यातून जाणाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव वगळले गेले. म्हणजे पळून गेलेल्यांची गोष्ट जगाला सांगितली ती मागे राहिलेल्या माणसाने!

छावणीचे नाव श्टालाग लुफ्ट ३. ती होती सागान गावाजवळ. हे गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव झागान. जर्मन हवाई दलाने ही जागा विचारपूर्वक निवडली होती. जमीन रेताड, म्हणजे बोगदा केला तर ढासळणार. वरची माती करडी आणि खालची रेती पिवळीधमक, म्हणजे उपसलेली माती लगेच डोळ्यांत भरणार. बराकी जमिनीपासून उचललेल्या, म्हणजे खाली काय चालले आहे ते पहारेकऱ्याला वाकून पाहता येणार. शिवाय खणण्याचा आवाज टिपण्यासाठी कुंपणाच्या बाजूने जमिनीत मायक्रोफोन पुरलेले.

चित्रपटातल्या बार्टलेटचा मूळ पुरुष रॉजर बुशेल. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पेशा बॅरिस्टरचा, युद्धात लढाऊ वैमानिक. १९४३ च्या वसंतात त्याने एकाच वेळी तीन बोगदे सुरू केले. एक सापडला तरी दोन उरतील, हा हिशेब. बोगदा हा शब्द उच्चारायलाही बंदी होती. त्यांना नावे दिली होती टॉम, डिक आणि हॅरी. 'हॅरी'चे तोंड एका बराकीतल्या शेगडीखाली होते. बोगदा सुमारे ३० फूट खोल, जेमतेम दोन फूट रुंद आणि तेवढाच उंच. तयार झाला तेव्हा त्याची लांबी ३३० फुटांहून जास्त भरली.

आता गृहिणींनी जरा हा संसार पाहावा. रेती ढासळू नये म्हणून बोगद्याला आतून फळ्या लावायच्या. फळ्या कुठून आणायच्या? कैद्यांच्या खाटांच्या! प्रत्येकाच्या खाटेखालून एकेक करत हजारो फळ्या नाहीशा झाल्या आणि माणसे उरलेल्या दोन-चार फळ्यांवर पाठ टेकून झोपू लागली. हवा आत ढकलायला सामानाच्या पिशव्यांपासून लोहाराच्या भात्यासारखा पंप केला. हवेची नळी रेडक्रॉसच्या पार्सलांतून येणाऱ्या दूध-पावडरच्या रिकाम्या डब्यांची. लांब अंतर्वस्त्रांचे पाय कापून पिशव्या शिवल्या. त्या पॅन्टच्या आत लोंबकळत ठेवायच्या, खिशातली दोरी ओढली की तळाची पिन निघे आणि रेती हळूच जमिनीवर सांडे. मग मागून येणारा ती पायाने मातीत मिसळे.

शिवणकाम करणाऱ्यांनी गणवेशातून आणि घोंगड्यांतून नागरी कोट बेतले. टिम वॉलेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली बनावट ओळखपत्रांचे दुकान चाले. छापील वाटावे असे एकेक अक्षर हाताने काढलेले. अल हेक हा ऑस्ट्रेलियन मोडक्या ग्रामोफोन तबकड्या वितळवून होकायंत्रे करी. सगळे मिळून सहाशेहून अधिक माणसे या कामात होती.

आणि बोगद्यातून जाणार किती? ठरले होते दोनशे. आधी जर्मन भाषा येणारे आणि पळण्यात अनुभवी असलेले, कारण निसटण्याची खरी शक्यता त्यांचीच. मग ज्यांनी सर्वाधिक कष्ट केले ते. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. म्हणजे सुमारे चारशे माणसांनी आपल्या झोपेच्या फळ्या, आपले कपडे, आपले वर्षभराचे कष्ट दिले ते दुसऱ्याला सोडवण्यासाठी.

चोवीस मार्चची रात्र

'टॉम' सप्टेंबर १९४३ मध्ये सापडला. 'डिक'मध्ये 'हॅरी'ची रेती भरावी लागली. उरला एकटा 'हॅरी'. २४ मार्च १९४४ ची अमावास्येची रात्र ठरली. चित्रपटात हिरवीगार कुरणे दिसतात, प्रत्यक्षात जमिनीवर बर्फ होते. बाहेरच्या टोकाची फळी गारठून घट्ट बसलेली. ती निघेपर्यंत दीड तास गेला. उघडली तेव्हा कळले की बोगदा झाडीपर्यंत पोचलेलाच नाही! तोंड उघड्यावर आणि पहाऱ्याचा मनोरा जवळच. मग पुढे गेलेल्याने दोरी धरून ठेवायची आणि वाट मोकळी दिसली की ओढून खूण करायची, असे एकेकाला बाहेर काढले. त्यात बर्लिनच्या दिशेने हवाई हल्ला झाला आणि दिवे गेले. पहाटे पाचच्या सुमारास सत्याहत्तरावा माणूस पहारेकऱ्याच्या नजरेस पडला. तोवर ७६ जण बाहेर पडले होते.

बोगद्यात आणि बराकीत, शिवलेले कोट अंगात घालून, खोटी कागदपत्रे खिशात ठेवून ताटकळणाऱ्यांनी मग काय केले असेल? ती कागदपत्रे घाईघाईने जाळली.

तिघे सुटले. पेर बर्गस्लंड आणि येन्स म्युलर हे दोन नॉर्वेजियन जहाजात लपून स्वीडनला पोचले. ब्राम व्हान डेर स्टोक हा डच वैमानिक स्पेनमार्गे निसटला. उरलेले ७३ जण पकडले गेले.

येथे भाचीचा प्रश्न येतो. १९२९ चा जिनिव्हा करार स्पष्ट होता. पळताना सापडलेल्या युद्धकैद्याला फार तर तीस दिवसांची कोठडी देता येते. म्हणजे तिच्या भाषेत, राज्य येते, जीव जात नाही. कैदी आणि पहारेकरी दोघांनाही हा नियम माहीत होता. त्याच भरवशावर तर हा सारा खेळ चालला होता. तो नियम हिटलरच्या आदेशाने मोडला गेला. गेस्टापोने ५० जणांना गोळ्या घातल्या. चित्रपटात त्यांना एका माळावर एकत्र मारलेले दिसते. प्रत्यक्षात एकेकट्याला, दोघादोघांना निरनिराळ्या ठिकाणी मोटारीतून नेऊन मारले आणि पुन्हा पळू लागले म्हणून मारावे लागले, असे सांगितले. बुशेल त्यांत होता. ओळखपत्रे करणारा वॉलेन त्यांत होता. होकायंत्रे करणारा हेकही त्यांत होता.

त्यांच्या अस्थी कलशांतून छावणीत परत आल्या. मागे राहिलेल्या सोबत्यांनी तिथे दगडाचे स्मारक बांधले. ते आजही झागानला उभे आहे. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या तपास अधिकाऱ्यांनी गुन्हेगारांना एकेक करून हुडकले. १९४७ मध्ये हॅम्बुर्गला खटला चालला आणि पुढच्या वर्षी तेराजण फासावर गेले.

उरलेल्या २३ पैकी चौघांना साक्सनहाउसन या छळछावणीत पाठवले. त्यांनी काय करावे? सप्टेंबर १९४४ मध्ये तिथेही बोगदा खणून ते निसटले! पुन्हा पकडले गेले, पण वाचले.

चित्रपटाने काय बदलले?

जाणकार या चित्रपटाच्या चुका काढतात आणि त्या खऱ्याच आहेत. प्रत्यक्ष पलायनात अमेरिकी सैन्यातला एकही कैदी नव्हता. त्यांनी कामात हातभार लावला होता, पण त्याआधीच त्यांना वेगळ्या आवारात हलवले गेले. मोटरसायकलची ती प्रसिद्ध उडी तर निव्वळ पडद्यासाठी. कुंपणावरची मोठी उडी मॅक्वीनने नव्हे, त्याचा मित्र बड एकिन्स याने मारली. तिकीट विकायला तारे लागतात आणि ताऱ्यांना उड्या लागतात. मुंबई असो वा हॉलिवूड, हा नियम सारखाच.

पण मला या चित्रपटाचे कौतुक वाटते ते वेगळ्या कारणासाठी. पैसा लावणाऱ्यांना शेवट गोड हवा असतो. इथे दोन तास हसवून, जीव लावून झाल्यावर दिग्दर्शक आपल्याला तो शेवट देत नाही. चित्रपट त्या पन्नास जणांना अर्पण केला आहे. हिल्ट्ससुद्धा सुटत नाही. एकदा तर तो बाहेर पडूनही परत येतो, कारण कुंपणापलीकडचा नकाशा सोबत्यांना हवा असतो. ब्लाइथची दृष्टी गेल्यावर त्याला मागे ठेवावे असे ठरते, तेव्हा हेन्डली म्हणतो, याला मी नेईन. चित्रपट काल्पनिक झाला तिथेही तो या माणसांच्या स्वभावाशी खोटे बोलला नाही.

आपल्याकडची एक रात्र

अशीच एक रात्र आपल्या हवाई दलाच्याही इतिहासात आहे आणि तिचा सूत्रधार मराठी होता. दिलीप परुळकर. १९७१ च्या युद्धात, १० डिसेंबरला त्यांचे विमान पाकिस्तानात पडले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, १२ तारखेच्या वादळी रात्री ते, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे कोठडीच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडले. बसने पेशावर गाठले. तिथून अफगाण सरहद्दीकडे निघाले. सरहद्द उरली होती फक्त चार मैल! लंडी कोतल येथे त्यांनी 'लंडी खाना'ची वाट विचारली. त्यांच्या जुन्या नकाशात ते रेल्वेस्टेशन होते. प्रत्यक्षात ते कित्येक वर्षांपूर्वी बंद पडले होते. बंद स्टेशनची वाट विचारणारी ही माणसे कोण, असा संशय आला आणि ते पकडले गेले.

हेर समजून गोळी घातली जाण्याची भीती खरी होती. परुळकरांनी हवाई दलातल्या एका पाकिस्तानी अधिकाऱ्याला फोन लावायला लावला. तो पूर्वी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. त्याने ओळख पटवली, हे हेर नव्हेत, युद्धकैदी आहेत असे सांगितले आणि तिघांचे प्राण वाचले. कोठडीची शिक्षा मात्र झाली. राज्य आले, जीव गेला नाही! १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सीमेवरून मायदेशी परतले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या पलायनावर २०१९ मध्ये 'द ग्रेट इंडियन एस्केप' हा चित्रपट आला. त्याआधी २००७ मध्ये अमृत सागर यांचा '१९७१' आला होता. मनोज बाजपेयी यांच्या भूमिकेचा हा चित्रपट तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही. पण सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातले कैदी वेगळे आहेत. त्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत. १९७१ नंतर ५४ भारतीय जवान-अधिकारी बेपत्ता राहिले. ते आपल्याकडे नाहीत, असेच पाकिस्तान सांगत आले आहे. त्यांच्या घरच्यांनी मात्र दाराकडे बघणे सोडले नाही. बाकीच्यांचे काय झाले, हा माझ्या भाचीचा प्रश्न त्या घरांत पन्नासहून अधिक वर्षे विचारला जात आहे.

म्हणून वाचकहो, हा चित्रपट मुलांना जरूर दाखवा. शेवट दुःखद आहे म्हणून टीव्ही बंद करू नका. मुले प्रश्न विचारतील, विचारू द्या. बुशेलने केले ते योग्य होते का, पन्नास जिवांच्या मोलाने तिघे सुटले, हा हिशेब बरोबर का, यावर तिथून वाचून आलेल्या कैद्यांमध्येही मतभेद राहिले. आपल्या घरातही होऊ द्यात.

आमच्याकडे झाले. बाबा म्हणाले, सैनिकाने प्रयत्न करायलाच हवा. वहिनी म्हणाली, युद्ध वर्षभरात संपणारच होते, तेवढे थांबले असते तर पन्नास आयांची मुले घरी आली असती. दादा म्हणाला, ते वर्षभरात संपेल हे त्यांना कुठे माहीत होते? चहा दोनदा झाला, तरी निकाल लागला नाही.

रात्री भाची अंथरुणावर आडवी झाली होती. मी दिवा मालवला, तर अंधारातून आवाज आला. "आत्या, महाराज पेटाऱ्यातून गेले तेव्हा त्यांच्या पलंगावर पांघरूण घेऊन हिरोजी झोपला होता ना?"

"हो. हिरोजी फर्जंद."

"तो सुटला?"

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट मला आठवली. महाराजांचे डोके दुखते आहे, औषध आणायला जातो, असे पहारेकऱ्यांना सांगून हिरोजीही बाहेर पडला होता.

"सुटला," मी म्हटले.

"बरं झालं," असे म्हणून तिने कूस बदलली.